ब्रेकवरचा पाय

गाडीला तोंड नसतं, ही गोष्ट शुभमच्या चांगलीच पथ्यावर पडली होती. तोंड असतं तर त्याने ती गॅरेजात नेलीच नसती. पण आता नेणं भाग होतं. वडील गेल्यापासून भाजी विकायला आई त्याच्या शेजारी बसून वर्ध्याच्या बाजारात येऊ लागली होती, आणि त्या दिवशी सकाळी पुलाच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला तेव्हा तिने समोर हात टेकवून विचारलं होतं, "गाडी थरथरून राह्यली का रे?"

"नाई," शुभम म्हणाला होता. "रस्ता खराब हाय."

रस्ता मागच्याच वर्षी नवा झालेला. आईने टेकवलेला हात काढून मांडीवर ठेवला. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं. बाजार उरकून तिला आंजीला घरी सोडलं आणि जेवण करून तो एकटाच पुन्हा निघाला.

अश्वजितचं गॅरेज आर्वी रोडवर, वर्धा यायच्या थोडं आधी. मोठा कडुनिंब, त्याखाली पत्र्याचं शेड, शेडच्या मागे पडीक शेत. ऊन मी म्हणत होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शुभमने शेडसमोर ब्रेक दाबला. स्टेअरिंग त्याच्या हातात थडथड नाचलं आणि गाडी थांबली तसं थांबलं. अश्वजित खुर्चीवर बसूनच पाहत होता.

"स्टेअरिंग हालते का सीट?" त्याने विचारलं.

"स्टेअरिंग."

"मंग पुढचं हाय. मागचं असतं तं तुहं बूड हाललं असतं." तो उठला. "पेडल पायाले मारते का?"

"मारते."

"कवापासून?"

इथे शुभम जरा अडखळला. "झाले असतीन काही महिने," तो म्हणाला.

"काही महिने! अन् आता आला तू? ब्रेक हाय बापा, हॉर्न नाई."

शुभमने ते हसण्यावारी नेलं. तुम्हाला मात्र ही काही महिन्यांची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

ही पिकअप शुभमचे वडील, पुंडलिकराव, स्वतः चालवायचे. ठेंगणे, काटक गृहस्थ. सीट पार पुढे ओढून, स्टेअरिंगला छाती लागेल असे बसायचे. गावातल्या चार घरांची वांगी, मेथी, कोथिंबीर भरून पहाटे निघायचे, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीखाली कधी कोंबडीसुद्धा आली नव्हती. दसरा झाल्यावर एके दिवशी बाजाराच्या फाटकात त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थडथडत पुढे सरकून वच्छलाबाईच्या टमाट्याच्या टोपल्यांना लागली. कुणाला खरचटलंही नाही. टमाटे तेवढे लोळले. पुंडलिकराव घाबरेघुबरे होऊन उतरले आणि जो विचारेल त्याला सांगू लागले, की ब्रेक थरथरून राह्यला, मी तं जोरात दाबला होता.

तेव्हा शुभम सगळ्या बाजारादेखत मोठ्याने म्हणाला, "गाडी नाई थरथरत, बाबा. तुमचा पाय थरथरते." आणि त्याने वडिलांच्या हातातून किल्ली काढून घेतली.

लोक हसले. पुंडलिकरावही ओशाळं हसले, आणि वाकून टमाटे गोळा करू लागले.

त्यांचा पाय थरथरत नव्हता. हे शुभमला त्याच दिवशी, घरी परतताना, पुलाच्या उतारावर कळलं. त्याने स्वतः ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग त्याच्याही हातात तसंच नाचलं. शेजारी वडील बसले होते. त्यांनी मुलाच्या हातांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. बाबा, तुमचं बरोबर होतं. पण चारचौघांत त्यांचं हसं करून झालं होतं आणि आता माघार घ्यायची म्हणजे आपलं हसं करून घ्यायचं. शुभम मूग गिळून बसला. तेव्हापासून तो गिअर पाडून गाडी हळू करायचा, ब्रेकला होता होईतो पाय लावायचा नाही, आणि गॅरेजचं तर नावही काढायचा नाही.

पुंडलिकराव घरी खाटेवर बसून आपल्या उजव्या पायाकडे बघत राहायचे. जमिनीवर टेकवायचे, दाबायचे, पुन्हा उचलून बघायचे. असं बघता बघता तो पाय खरोखरच थरथरायला लागला. आधी बारीक, नीट पाहिलं तरच दिसेल असा. मग येणाऱ्याजाणाऱ्यालाही दिसेल असा. एकदा ते शुभमला म्हणालेही, "तू बाजारात म्हणत होता ते खरंच हाय रे. मलेच समजत नव्हतं." शुभम मोबाइलमधून मान वर न करता 'हं' म्हणाला. पौषात तापाने ते गेले. जाईपर्यंत तो पाय काही थांबला नाही.

तर अशी ती काही महिन्यांची गोष्ट.

अश्वजितने गाडी जॅकवर चढवली, पुढची चाकं काढली आणि आतली लोखंडी डिस्क उघडी केली. चकचकीत असायला हवी ती जागोजागी निळीकाळी पडली होती. त्याने वाकडेपणा मोजायचं डायल गेज आणलं, त्याचं टोक डिस्कला टेकवलं आणि डिस्क हाताने हळूहळू फिरवली. काटा इकडे झुकला, तिकडे झुकला, पुन्हा इकडे.

"पाह्य," तो म्हणाला. "वाकडी झाली. ब्रेक दाबला का उंच भाग ब्रेकच्या पॅडले धक्का मारते, तोच धक्का पेडलात येते. चाक फिरते तोवर मारते, चाक थांबलं का गप. उभ्या गाडीत पेडल कधीच थरथरत नाई." मग निळ्या डागांवरून बोट फिरवत त्याने विचारलं, "गरम चाक थंड्या पाण्यात घातलं होतं का कोणी?"

घातलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कापसाच्या गाठोड्यांचं भाडं मारून शुभम सुसाट परत आला होता. चाकांजवळ हात धरवत नव्हता, ब्रेकचा जळका वास सुटला होता. दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा, तिला हार घालायचा, म्हणून धुवायची घाई. त्याने ती तशीच धाम नदीच्या उथळ पाण्यात उतरवली. चाकांतून चर्र आवाज करत वाफ उठली, तेव्हा त्याला इतकी मजा वाटली की त्याने व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. पुंडलिकराव त्या दिवशी गावातच नव्हते. सिंदीला पाहुण्यांकडे गेले होते.

"घातलं होतं का?" अश्वजितने पुन्हा विचारलं.

"काय मालूम," शुभम म्हणाला. "बाबाच चालवत होते तवा."

"पुंडलिकराव? ते तं असं करणारे नव्हते."

"वय झालतं."

हे दोन शब्द तोंडातून गेले आणि शुभमला आपलीच शिसारी आली. माणूस मेलेला, त्याची बाजू मांडायला कुणी नाही, आणि आपण अजून त्याच्याच माथी मारतो आहोत. परत घ्यावेत का शब्द? पण अश्वजित 'होय का' म्हणून पुन्हा कामाला लागला होता, आणि शुभमने पाणी प्यायला माठाकडे तोंड फिरवलं.

नव्या डिस्क बसवण्याआधी अश्वजितने आतला गंज पॉलिश पेपरने घासून काढला. नव्या डिस्कला गेज लावलं. काटा जागचा हलला नाही. तोवर ऊन उतरलं होतं, कडुनिंबाची सावली शेडच्या आत आली होती आणि मागच्या शेतातून रातकिड्यांची किरकिर सुरू झाली होती. लाइट गेली. अश्वजितने बॅटरी पेटवून जमिनीवर ठेवली.

"ब्रेक ऑइल काळं पडलं, ते बदलून एअर काढून घेऊ," तो म्हणाला. "तू अंदर बस. दाब म्हटलं का दाबाचं, सोड म्हटलं का सोडाचं."

हे काम दोघांचं असतं. एकजण आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी आडवा होऊन नळीतून ऑइल काढतो. नळीचं दुसरं टोक पारदर्शक बाटलीत. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा. आवाजावरच सगळं चालतं.

"दाब... धर... सोड."

शुभमने काही वेळ ते केलं. मग त्याचा फोन वाजला. आई. "एक मिनिट हां," असं तो म्हणाला, पण कदाचित पुरेसं मोठ्याने नाही. तो उतरला, दार उघडंच टाकून कडुनिंबापाशी गेला.

"मिस्त्री काय म्हणते?" आईने विचारलं.

"काही नाई. टायरची हवा कमीजास्त होती."

"बरं," आई म्हणाली. "येजो."

त्याने फोन खिशात घातला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की शेडमधून अश्वजितचा आवाज येतोच आहे.

"दाब... धर... सोड. दाब..."

गाडीचा मागचा भाग त्याच्याकडे होता. ब्रेकचे लाल दिवे लागले. विझले. पुन्हा लागले आणि लागलेलेच राहिले. पण नुसते लागलेले नव्हते. लाल उजेड जमिनीवर बारीक कापत होता.

शुभमला वाटलं, अश्वजितने कुणाला तरी बसवलं असेल. तो आत गेला. अश्वजित चाकापाशी पाठीवर पडला होता, फक्त त्याचे पाय बाहेर दिसत होते. नळीतून ऑइल बाटलीत येत होतं, पण सरळ धारेने नव्हे. हिसक्याहिसक्याने, थरथरत.

"पाय काऊन थरथरून राह्यला बे शुभम?" अश्वजित खालून म्हणाला. "घट्ट धर ना."

शुभम त्याच्या पायांशी उभा होता. त्याने उघड्या दारातून आत पाहिलं. सीट रिकामी होती. खाली, पाय ठेवायच्या अंधाऱ्या जागेत, ब्रेकचं पेडल पार दाबलं गेलं होतं, आणि तिथेच धरलेलं, बारीक थरथरत होतं. इंजिन बंद. चाकं काढलेली. उभ्या गाडीत पेडल कधीच थरथरत नाही.

त्याला ओरडायचं होतं. पण ओरडून सांगणार काय? आणि कुणाचं नाव घेऊन?

"बस, झालं. सोड," अश्वजित म्हणाला.

पेडल वर आलं. झटक्याने नाही. सावकाश, काळजी घेऊन, सांगितलेलं काम नीट व्हावं अशी धडपड असलेल्या माणसासारखं. भीती होतीच, पण भीतीच्या आधी त्याला लाज वाटली. मेल्यावरसुद्धा बाबा आपल्या गाडीचा ब्रेक नीट करायला बसले होते, आणि मेल्यावरसुद्धा त्यांना ऐकून घ्यावं लागलं होतं, की पाय काऊन थरथरते.

अश्वजित हात पुसत बाहेर आला. "तू कवा उतरला?"

"आत्ताच," शुभम म्हणाला.

अश्वजितने त्याच्याकडे नीट पाहिलं. "डॉक्टरले दाखव पाय. या वयात इतका थरथरते म्हणजे..." शुभमचा चेहरा बघून त्याला वाटलं असेल, आपण उगाच बोललो.

चाकं चढवून अश्वजितने स्वतः गाडी चालवून पाहिली. शुभम शेजारी बसला. जोरात नेऊन करकचून ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. स्टेअरिंग गप्प. "लोणी," अश्वजित म्हणाला, आणि उतरता उतरता गुडघ्याला हात लावून वैतागला. "सीट एवढी पुढे काऊन ओढून ठेवली बे? माहे गुडघे फुटले."

शुभमने सीटला हातही लावला नव्हता.

घरी जाताना त्याने सीट मागे सारली. दिवेलागणीची वेळ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंधार उतरू लागलेला, तुरीच्या वाळक्या काड्यांचा वास. ब्रेक सुरेख लागत होता, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं. दुरुस्ती एका दुपारची होती. बाबा जिवंत असताना झाली असती तर ते अजून बाजारात जात असते, अजून त्या पायावर भरवसा ठेवून असते. आणि आईला आपण काय सांगितलं? टायरची हवा. आज घरी जाऊन तिला सगळं सांगायचं, असं त्याने ठरवलं. नाही सांगितलं तर आपण माणसात नाही.

गाव जवळ आलं, पूल आला. उतारावर त्याने ब्रेक दाबला, गाडी थांबली. आईला सांगायचे शब्द जुळवायला त्याने इंजिन बंद केलं. पाय पेडलवरच होता. सगळं निवांत झालं, आणि मग त्याच्या पायावर काहीतरी थरथरलं.

पायाखाली नाही. पायावर. त्याच्या बुटावर दुसऱ्या एका पायाचा भार होता. हलका, हाडकुळा. दाबत होता, जोर लावून, आणि जोर लावूनही त्याला नीट धरता येत नव्हतं.

"बाबा..." शुभमच्या तोंडून निघालं.

भार तसाच राहिला. ऐकत असल्यासारखा. पण ते एक वाक्य बोलण्याऐवजी त्याने पाय हिसडून काढला, दार उघडलं आणि गाडी तिथेच पुलाच्या तोंडाशी टाकून तो घराकडे चालत सुटला. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मागचे लाल दिवे पेटलेले दिसले असते की नाही, कोण जाणे. त्याला ते पाहायचंच नव्हतं.

घरात दिवा नव्हता. आत, मागच्या खोलीत, बाबांची खाट अजून होती. तेरवी झाल्यावर शेजारणींनी सांगितलं होतं, अंथरूण कुणाला तरी देऊन टाका. आईने ऐकलं नव्हतं. शुभम त्या खोलीत तेव्हापासून पाऊल टाकत नसे.

आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. खोलीत मोहाच्या तेलाचा उग्र वास भरलेला. तिचे दोन्ही हात गोधडीखाली होते आणि ते पुढेमागे होत होते, एखाद्याची पोटरी चोळावी तसे. गोधडी सपाट होती.

"आला का?" ती मागे न पाहता हळूच म्हणाली. "हळू बोल. आत्ताशी डोळा लागून राह्यला त्याईचा."

शुभम दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"आई... तू हे रोज..."

"रोजच. काय करू? पाय थांबतच नाई त्याईचा. आज तं लय." तिचे हात चालूच होते. "म्हणते, माह्यामुळे झालं. माह्या पायामुळे."

शुभम तिथेच खाली बसला. मग त्याने सांगितलं. गाडीच थरथरत होती. बाबांना बाजारात बोललो त्याच दिवशी मला ते कळलं होतं, तरी गप्प बसलो. आणि चाकं मीच नदीत घातली होती, गरम असताना, मजा म्हणून. आज अश्वजितलाही खोटं सांगितलं, बाबांवर ढकललं. तो जमिनीकडे बघून बोलत होता. बोलून झालं तरी मान वर करायची त्याची छाती होईना.

आईचे हात थांबले होते.

"मले काऊन सांगतं?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर सोसला असता. "त्याईले सांग."

तिने त्याचं मनगट धरलं, त्याला जवळ ओढलं आणि त्याचे दोन्ही हात गोधडीखाली घातले.

तिथे पाय होता. तेलाने ओला, कोमट, हाडाला कातडी चिकटलेला. आणि तो थरथरत होता.

शुभमने हात काढले नाहीत. एवढं तरी त्याने केलं. "बाबा," तो म्हणाला, "तुमचा पाय बरोबर होता... मी खोटं बोललो... मले..."

माफ करा म्हणेपर्यंत तो पोचलाच नाही. तळहाताखालचा पाय एकदम ताठ झाला. मग त्याने स्वतःला शुभमच्या हातांतून सोडवलं, शांतपणे, आणि भिंतीच्या बाजूला ओढून घेतलं. गोधडीवर एक चुणी सरकत गेली.

"थांबला का रे?" अंधारात आईने विचारलं. तिच्या आवाजात इतक्या महिन्यांची थकलेली आशा होती.

शुभमच्या हातांना तेल लागलं होतं. हातांत काही नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "थांबला, आई."

आई पदराला हात पुसत उठली आणि दिवा लावायला बाहेर गेली. ती उंबऱ्यावर असतानाच खाटेचा एक खूर फरशीवर बारीक, सारखा वाजायला लागला. तिने तो ऐकला की नाही, हे शुभमला कळलं नाही. ती क्षणभर थांबली, मग पुढे गेली, आणि बराच वेळ झाला तरी दिवा काही आला नाही.